आवडीच्या माळावरची विष्णुक्रांता

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी अरक्कोणम, तिरुवळ्ळूर मागे टाकते, प्रवासी बाकाखालच्या बॅगा बाहेर ओढू लागतात आणि त्या गडबडीत आवडी स्टेशन येऊन निघूनही जाते. मराठी कानाला नाव मोठे लाघवी, पण गाव रणगाड्यांचे. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसच्या अधिवेशनाने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव इथेच केला. १९६५ मध्ये इथल्या अवजड वाहन कारखान्यातून ‘विजयंत’ रणगाडा बाहेर पडला. अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना २०२१ पासून आवडीत मुख्यालय असलेल्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमाखाली आला. तेव्हा आवडी हे नाव अंबरनाथच्या वसाहतीतही आता परके राहिलेले नाही.

बदलीवर आवडीत आलेल्या मराठी घरात गणेश चतुर्थी जवळ आली, की पत्रीचा प्रश्न उभा राहतो. दूर्वा, तुळस, रुई मिळून जातात. अडते ते एकवीस पत्रींतल्या विष्णुक्रांतेपाशी. खरे तर तिच्यासाठी बाजार धुंडाळायलाच नको. चेन्नईच्या आसपास जिथे जमीन अजून उघडी आहे, मुरमाड आहे, गवत तोकडे आहे, तिथे सकाळी जरा खाली वाकून पाहावे. जमिनीलगत पसरलेल्या बारीक काड्या, त्यांवर रेशमी लव असलेली इवलीशी पाने आणि शर्टाच्या बटणाहूनही लहान, आकाशी निळे फूल. उशिरा गेलात तर काही दिसणार नाही. दुपारपर्यंत फुले मिटतात.

तमिळमध्येही हिचे नाव जवळपास हेच आहे आणि सिद्ध वैद्य ती तापावर वापरतात. केरळात ती ‘दशपुष्पम्’ या दहा मंगल वनस्पतींपैकी एक. शास्त्रीय नाव इव्हॉल्वुलस अल्सिनॉइडिस. गारवेलीच्या कुळातली असूनही ही कशालाच वेढे घालत नाही, म्हणून लिनियसने तिला ‘उलगडलेली’ अशा अर्थाचे नाव दिले.

नर्सरीत मात्र सावध राहा. विष्णुक्रांता मागितली, की पुष्कळदा एक डौलदार, भरगच्च निळ्या फुलांचे झुडूप हाती ठेवतात. ते हिच्याच गोतातले, पण दक्षिण अमेरिकेतून आलेले. फूल जवळजवळ रुपयाएवढे असेल तर ते हेच समजा. बाल्कनीत ते सुरेख दिसते, त्याबद्दल तक्रार नाही, पण पत्रीतली विष्णुक्रांता ती नव्हे. शंखपुष्पी या नावाचा घोळ तर याहून मोठा. कुठे विष्णुक्रांतेला, कुठे तिच्या एका पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या नातलगाला, तर कुठे चक्क गोकर्णीला शंखपुष्पी म्हणतात. मुलांची स्मरणशक्ती वाढावी म्हणून घरच्या घरी काढे करणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवावे आणि आधी वैद्यांना विचारावे.

माळावरचे जुने झाड उपटून कुंडीत लावण्याचा मोह आवरा. त्याचे मूळ लाकडासारखे कडक आणि खोल असते. ते तुटते आणि रोप जगत नाही. त्याऐवजी वाळलेली बारीक बोंडे आणावीत. एका बोंडात चार-एक बिया असतात. त्यांचे कवच कठीण असते, म्हणून बारीक पॉलिश कागदावर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. पसरट कुंडीत निम्मी तांबडी माती, निम्मी वाळू आणि मुरूम घ्यावा, शेणखत मूठभरच. बी वरच्यावर पेरून झारीने पाणी द्यावे आणि कुंडी भर उन्हात ठेवावी. रोपे धरली, की माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. हौसेने रोज पाणी घालणाऱ्यांच्या हातून ही हमखास मरते. खत जास्त झाले तर पाने माजतात, फुले रुसतात.

महाराष्ट्रातून गेलेल्यांनी पावसाचे वेळापत्रकही बदलून घ्यावे. पत्रीला पाने हवीत तर बी जूनच्या सुरुवातीलाच पेरावे. कारण चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, म्हणजे बाप्पा गेल्यानंतर पडतो. तोही कधी असा, की २०२३ च्या डिसेंबरातल्या मिचाँग वादळात शहराचे रस्ते बुडाले. तेव्हा कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि खालची भोके मोकळी आहेत ना, हे पाहावे.

२०१९ मध्ये आवडी महानगरपालिका झाली. घरे वाढली, अंगणे फरशांनी झाकली गेली. झाड-पाला लावून केलेल्या बागेतही हिरवळ कापताना हिला तण म्हणूनच उपटतात. फूल येण्याआधी मुळासकट काढलेले झाड बी टाकत नाही, हे पत्री विकणाऱ्यांनाही कळते, पण चतुर्थीच्या घाईत पाहतो कोण? घरच्या कुंडीतली काडी मात्र कात्रीने कापता येते. चार शेंडे पूजेला घ्यावेत, बाकीचे फुलू द्यावेत. बोंडे वाळली, की बी आपोआप शेजारच्या कुंड्यांत पडते आणि पुढच्या पावसात तुळशीच्या बुडाशी एखादे रोप उगवलेले दिसते. ते तण समजून उपटू नका.