हरळी आणि दूर्वा

उद्यानविद्येच्या इंग्रजी पुस्तकांत शैलोद्यानांची रंगीत चित्रे असतात. दगडांच्या फटींतून जमिनीस बिलगून पसरलेली, वर्षानुवर्षे जगणारी आणि वसंतात निळ्या-जांभळ्या फुलांनी झाकून जाणारी ती रोपे पाहिली की आपल्याही दारी असा गालिचा असावा, असे कोणासही वाटावे. मला मात्र ती चित्रे पाहताना देवासचा वैशाख आठवतो. ही रोपे मूळची उंच पर्वतांवरील. जेथे वृक्षांची वाढ थांबते त्याच्याही वरच्या उतारांवरची. आपल्या देवघरातील धुपात पडणारी जटामांसी त्याच बिऱ्हाडातली. हिमालयात तीन हजार मीटरांच्या वर ती वाढते. हिवाळाभर बर्फाचे पांघरूण, उन्हाळ्यातही गार रात्री आणि मुळांशी न थांबता खडीतून निघून जाणारे पाणी, एवढे तिला हवे. माळव्याचे पठारही उंच म्हणावयाचे, पण ती उंची पाच-सहाशे मीटरांची. येथे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर चढतो आणि श्रावणात काळी माती पाणी धरून बसते. वरून होरपळ आणि खालून कूज, अशा दुहेरी संकटात ते हिमवासी पाहुणे कसे तग धरणार?

परक्या वनस्पतींविषयी माझ्या मनात आकस नाही. धार जिल्ह्यातील मांडवगडावर आफ्रिकेतील गोरखचिंच शतकानुशतके सुखाने नांदत आहे. तिचे अजस्र बुंधे पाहून ती परदेशची असे कोणी म्हणणारही नाही. तिला येथील कोरडा उन्हाळा आपल्या माहेरासारखाच वाटला असला पाहिजे. प्रश्न हवामानाच्या सोयरिकीचा आहे.

जमिनीलगत पसरणारा, बारमास जगणारा आपल्या भूमीचा गालिचा म्हणजे दूर्वा. गंमत अशी की या एकाच तृणास मराठीत दोन नावे आहेत. शेतात ती हरळी. देवापुढे ती दूर्वा. शेतकरी हरळीचा शत्रू. तिची मुळे उन्हात पडून वाळावीत म्हणून तो उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, आणि तरीही पाऊस पडला की ती चार ठिकाणी डोके वर काढतेच. ज्या चिवटपणासाठी तो तिला शिव्या देतो, त्याच चिवटपणासाठी वैदिकांनी तिला वंदिले आहे. दूर्वेचा जो मंत्र आपण पूजेत ऐकतो त्यात ती पेरापेरातून, कांडाकांडातून वाढते असे तिचे वर्णन आहे, आणि तिच्याप्रमाणे आमचाही वंश वाढो अशी प्रार्थना आहे. अमरकोशात तिला शतपर्विका, सहस्रवीर्या, अनंता अशी नावे आहेत. ही केवळ स्तुती नव्हे, निरीक्षण आहे. तिचा धावरा जमिनीवरून सरकत जातो, त्याच्या प्रत्येक पेराशी मुळ्या फुटतात, आणि मागचा दुवा तुटला तरी पुढचे पेर स्वतंत्रपणे जगते.

अनलासुरास गिळल्यावर गणेशाच्या अंगाचा जो दाह झाला तो ऋषींनी वाहिलेल्या एकवीस-एकवीस दूर्वांनी शमला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. कारवार-मंगळूरकडील सारस्वत घरांत श्रावणातील शुक्रवारी व रविवारी चुडी बांधतात, तीतही दूर्वा हवीच. असे असता आपण ती आणतो कोठून? चतुर्थीच्या आदल्या दिवशी पेठेतून. ती जुडी कोणत्या गटाराच्या काठी खुडली, तिच्यावरून कोणाची जनावरे गेली, हे विचारण्याची सोय नसते. तुळशीस आपण वृंदावन बांधतो, दूर्वेस वीतभर जागाही राखीत नाही, हा न्याय मला कधी कळला नाही.

आमच्या देवासच्या अंगणातील वाफा धारहून आलेला आहे. आईच्या माहेरी, धारेस, विहिरीच्या कडेला दूर्वा होती. लग्नानंतर पहिल्या आषाढात तिने चार धावरे ओल्या फडक्यात गुंडाळून इंदूरमार्गे मोटारीतून आणले. रीत सोपी आहे. दोन-तीन पेरे असलेले तुकडे घ्यावेत, दोन बोटे मातीखाली आडवे ठेवावेत, टोक वर राहू द्यावे, आणि पायाने दाबून पाणी द्यावे. जागा उन्हाची हवी. आंब्याच्या सावलीत ती रोडावते. वाफ्याभोवती हातभर खोल फरशा उभ्या पुराव्यात, नाहीतर गुलाबांच्या मुळांत शिरून ती तेथेही आपले राज्य स्थापते. (देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती यांची हद्द एकेकाळी या गावातूनच जात होती. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस असताना राजवाड्याच्या बागाही त्यांच्याकडे होत्या. अशा हद्दी हरळीने कधी मानल्या असतील, असे वाटत नाही.) आठवड्यास खुडत राहिले की कोवळे तिपानी अंकुर मिळतात, न खुडल्यास तुरे येतात, आणि तुऱ्याची दूर्वा देवास वाहत नाहीत. थंडीत ती तपकिरी पडते. म्हणून माघी गणेशजयंतीसाठी आई एक कुंडी दक्षिणेच्या भिंतीशी, उन्हात, वेगळी ठेवते.

धारचे ते घर पुढे विकले गेले. विहीर बुजली, अंगण सिमेंटचे झाले. तेथील दूर्वा आता फक्त आमच्याकडे आहे. आणि ती तिची संतती नव्हे, तीच आहे, कारण बी न पडता पेरापेरानेच ती येथवर आली आहे. आता आमच्याही अंगणात फरशी घालण्याचे घाटत आहे. पुतण्या वाईट बोलत नाही. गाडीला जागा हवी, पावसात चिखल घरात येतो, आजीचा पाय घसरतो, हे त्याचे म्हणणे खरे आहे. "आजी, तुला रोज ताज्या दूर्वा मी आणून देईन," असे तो म्हणाला. आई म्हणाली, "आणशील रे, पण कुठल्या?" त्याला उत्तर सुचले नाही, आणि मीही त्याला सुचविले नाही.

गवंडी दिवाळीनंतर यावयाचा आहे. कुंपणालगतची दोन हात रुंद पट्टी सोडावी एवढे तूर्त ठरले आहे. ती कितीशी राहील ते गाडी आल्यावर दिसेल. दरम्यान या आषाढात पुण्याच्या भाचीला सज्जातील कुंडीसाठी आईने सहा धावरे दिले, ओल्या फडक्यातच. परवा तिचा निरोप आला, की कुंडी भरून टोके कठड्याबाहेर लोंबू लागली आहेत, आणि खालच्या मजल्यावरील बाईंनी चतुर्थीसाठी त्यांतील काही मागितली आहेत.