मे महिन्यातला माळशेज

पावसात माळशेजला सगळं जग जातं. धबधब्याखाली भिजायला, भाजलेलं कणीस खायला, आणि परतताना वाहतुकीत अडकून एकमेकांवर चिडायला. तो मात्र आम्हाला मे महिन्यातच न्यायचा. कडे करपलेले, गवत जळालेलं, धबधब्यांच्या जागी खडकावर नुसते पांढुरके ओघळ. "डोंगर बघायचा तर असा बघावा, अंगावर काही नसताना," म्हणायचा.

गेल्या श्रावणात तो गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही.

आम्ही सगळे भाईंदरच्या एकाच शाळेतले. तेव्हा महापालिका नव्हती, ती २००२ची. भाईंदर म्हणजे खाडी, रेल्वेचा पूल, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि मिठागरं. त्याचे वडील मिठागरावर होते. मे म्हणजे त्यांच्या घाईचा महिना. उन्हाने वाफ्यातलं पाणी आटतं, मीठ धरतं, आणि पहिल्या सरीच्या आत ते ओढून, राशी करून झाकावं लागतं. शाळेला सुट्टी लागली की हाही फळी घेऊन वाफ्यात उतरायचा. संध्याकाळी खेळायला आला की पोटऱ्यांवर मिठाची रेघ दिसायची, पाणी कुठवर होतं ते सांगणारी. आम्ही ती बोटाने पुसून चाटून बघायचो, आणि तो लाथ मारायचा.

पुढे एकजण ओतूरला वडिलोपार्जित शेतीवर गेला, एकजण नाशिकला नोकरीत अडकला, मी इथेच राहिलो. त्याने गाडी घेतली तेव्हापासून मेमधली ही फेरी सुरू झाली. पहाटे काशिमिऱ्याच्या नाक्यावर जमायचं, गायमुखला ट्रक तुंबायच्या आत घोडबंदर रोड सोडायचा, मग कल्याण, शहाड, मुरबाड, टोकावडे. नाशिकवाला आदल्या रात्रीच रेल्वेने येऊन माझ्याकडे मुक्कामाला असायचा. डिकीत उत्तनहून आणलेले सुके बोंबील. कितीही पिशव्यांत बांधा, कल्याण येईपर्यंत गाडीभर वास. काच खाली केली की उन्हाची झळ, वर केली की बोंबील. "आपण मिठाचे बैल रे," तो म्हणायचा. "कोकणातलं मीठमासळी वर न्यायची, वरचं धान्य खाली आणायचं."

थट्टा होती, पण खोटी नव्हती. वैशाखऱ्याला डोंगरात नानाचा अंगठा दिसतो, तिथून नाणेघाटाची वाट चढते. आमच्या खाडीपलीकडचं सोपारा आणि कल्याण, या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने जुन्नरला जायचा. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. त्या रांजणाचा त्याला भारी राग. "दोन हजार वर्षं झाली, टोल काही सुटला नाही!"

घाट लागण्याआधी ठाकर बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. तिथे गाडी थांबणारच. करवंद दातांनी अर्धं तोडायच्या आधी विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरेल त्याने चहा पाजायचा. पन्नाशी उलटलेली माणसं, ओठांना चीक लागलेला, आणि करवंद लाल की गुलाबी यावरून हमरीतुमरी. गुलाबी कोणात धरायचं याचा निकाल कधीच लागला नाही. तो ते परस्पर गिळून टाकायचा, पुरावाच नको म्हणून.

आणि माथ्यावर त्याचं ठरलेलं भाषण. इथे अलीकडे पडलेला थेंब काळू नदीत जातो, काळूतून उल्हासमध्ये, तिथून घोडबंदरच्या किल्ल्याखालून थेट आपल्या भाईंदरच्या खाडीत. तोच थेंब पलीकडे पडला तर भीमेत, कृष्णेत, आणि मग बंगालचा उपसागर. आम्ही ओरडायचो, "माहितेय!" तो तरी पुरं करायचाच, उपसागरापर्यंत.

यंदा मी एकटा गेलो. मिठागरांच्या बाजूने आता इमारती आहेत आणि रस्त्यावर मेट्रोचे खांब. नाशिकवाला परस्पर संगमनेरवरून आला. मोबाइलने मला वाट सांगितली, कुठे वळायचं, किती मिनिटं उरली. करवंदं घेतली, पण कोंबडा की कोंबडी हे विचारायला गाडीत कोणी नव्हतं. ओतूरला पोचलो तेव्हा मासवडीचा बेत होता, चाळीत कांदा भरला होता, माणसंही तीच. पण आम्ही पाहुण्यांसारखे बसलो. पाऊस कधी येणार, कांद्याला भाव काय, मुलं काय करतात. वाटेतच सगळं बोलून, भांडून, हसून व्हायचं. ओतूरला पोचेपर्यंत आम्ही पुन्हा नववीतले झालेले असायचो. भेट ओतूरला होते असं आम्ही उगाच धरून चाललो होतो. ती त्याच्या गाडीत होत होती.

जेवणं झाल्यावर ओतूरवालाच म्हणाला, "पुढच्या मेमध्ये सगळे काशिमिऱ्याला जमू. एकच गाडी. मीपण येतो खाली."

"लेका, तू खाली येणार, आणि आमच्याबरोबर घाट चढून स्वतःच्याच घरी पाहुणा येणार?"

"मग काय झालं?"

नाशिकवाल्याने डिझेलचा हिशेब मांडला, हा शुद्ध वेडेपणा आहे म्हणाला, आणि त्याच दमात बजावलं की पुढच्या सीटवर मी बसणार. तिथून जे भांडण पेटलं ते ऐकून वहिनी बाहेर आल्या, शेजारी कोणी उठेल म्हणाल्या.