साडेचार फूट

दिवाणखान्यासाठी किती इंची टीव्ही घ्यावा, हा प्रश्न मी आजवर दुकानदाराच्या अखत्यारीतला मानत आलो होतो. त्यावर स्वतंत्रपणे विचार करावा, आणि पुढे चार पाने लिहावीत, असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पण २०२५ सालच्या नवरात्राच्या सुमारास ठाण्यातल्या आमच्या घरचा जुना २१ इंची संच कायमचा मिटला आणि आईबाबांसाठी नवा निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मी स्वभावाने हिशेबी आहे. शनिवारी मोजपट्टी खिशात घालूनच घरी गेलो. जे मोजायला गेलो होतो ते बाजूला राहिले आणि भलतेच काही मापात आले, त्याची ही हकिगत.

प्रथम मापाविषयी. टीव्हीचा आकार पडद्याच्या कर्णाने सांगतात. सुरुवातीच्या काचनळ्यांचे तोंड गोल असे, त्यामुळे त्यांना व्यास हे एकच माप होते. पडदा चौकोनी झाला तरी त्या व्यासाचा वारसा कर्णाकडे राहिला. खोक्यावर आता सेंटीमीटर छापलेले असतात, ८० किंवा १०८, पण दुकानात कोणी ८० म्हणत नाही. ३२ आणि ४३ असेच म्हणतात. हा कर्ण फसवा आहे. जुना २१ इंची पडदा ४:३ प्रमाणाचा, म्हणजे उंचीला सुमारे साडेबारा इंच. आजचा ३२ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा, उंचीला पावणेसोळा इंच. नावात अकरा इंच वाढले, उंचीत जेमतेम तीन. बातम्यांखालून सरकणाऱ्या अक्षरांना आणि माणसांच्या चेहऱ्यांना उपयोगी पडते ती उंची.

आता खोलीविषयी. आमचा दिवाणखाना दहा बाय चौदा फुटांचा. जुना संच कोपऱ्यात तिरका बसलेला असे. त्यात सौंदर्यदृष्टी नव्हती. नळीला पोटाची खोली फार, आणि ती सामावून घ्यायला कोपराच सोयीचा. पण त्याचा एक परिणाम होई. सोफा, दिवाण आणि बाबांची लाकडी हातांची खुर्ची एकमेकांकडे तोंड करून राहत, आणि टीव्ही बघायचा तर मान थोडी वळवावी लागे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा याच खोलीत, कृष्णधवल संचासमोर, मजल्यावरची वीसएक माणसे दाटीने बसत. शेवटची दाराच्या उंबऱ्यावर. पडदा लहान आहे अशी तक्रार त्यांपैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही. सपाट पडदा मात्र भिंत मागतो, आणि भिंत त्याला दिली की खुर्च्या आपोआप रांगेत उभ्या राहतात.

भिंतीवर बेडरूमचे दार आणि शोकेस वगळता सव्वाचार फूट रुंदी उरत होती. बाबांची खुर्ची तिथून बरोबर नऊ फुटांवर. पडद्याने पाहणाऱ्याच्या दृष्टीचा निदान तीस अंशांचा कोन व्यापावा, असा एक प्रचलित संकेत आहे. ‘टीएचएक्स’ची शिफारस चाळीस अंशांची आहे. तीस अंशांसाठी अंतर कर्णाच्या सुमारे १.६ पट हवे, चाळीससाठी १.२ पट. नऊ फुटांना हे गणित लावले तर पहिल्या हिशेबाने ६५ इंची संच येतो आणि दुसऱ्याने ९०. भिंतीवर काठोकाठ मावणारा सर्वांत मोठा ५५ इंची. रुंदी चार फूट. दुकानातला मुलगाही त्याच बाजूचा होता. ३२ इंचांपुढच्या संचांवरचा जीएसटी त्या वर्षी घटस्थापनेपासून, २२ सप्टेंबरपासून, २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. “सर, आता बत्तीसवर कशाला थांबता?” असे तो मला दोनदा म्हणाला. आईचे म्हणणे एवढेच, की होता तेवढाच आणावा. बाबांना विचारले तर म्हणाले, “मला काय, कुठलाही चालेल.” हे उत्तर मी समंजसपणा म्हणून घेतले.

कागदावरचा आकडा डोळ्यांना कळत नाही, म्हणून जुनी वर्तमानपत्रे जोडून मी ४३ आणि ५५ इंची असे दोन आयत कापले आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावले. “रंग निघेल,” असे आई म्हणाली, म्हणून कोपऱ्यांना आधी पेन्सिलीने खुणा केल्या आणि पट्टी हलक्या हाताने दाबली. मग बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवले. एका पानावर मोठा मथळा होता, अक्षरे चांगली इंचभर उंचीची. मी म्हटले, “बाबा, तिथून हा मथळा वाचता येतो का बघा.”

बाबा क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी मथळा सांगितला. अडखळत नाही, अगदी व्यवस्थित. फक्त तो त्या दिवशीचा मथळा होता; सकाळी रेडिओवर ऐकलेला. भिंतीवरचे पान आठवड्यापूर्वीच्या रविवार पुरवणीचे होते, आणि मथळा कांद्याच्या भजीविषयी होता.

कोणी काही बोलले नाही. आई स्वयंपाकघरात गेली. मी मोजपट्टी गुंडाळली. थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, “चेहरे नाही दिसत रे नीट. आवाजावरून ओळखतो.” किती दिवसांपासून, असे विचारल्यावर म्हणाले, “झालं असेल वर्ष.” वर्षभर ते रोज सायंकाळी सात ते दहा त्या खुर्चीत बसून टीव्ही ऐकत होते, आणि शेजारी बसलेल्या आईला, दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या मला, ते ध्यानातही आले नव्हते.

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे चौकटीच्या रेघांचा एक कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितले. बाबांना मधल्या रेघा वाकलेल्या दिसत होत्या आणि ठिपका दिसतच नव्हता. वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज, कोरड्या प्रकारची. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला, बारकावे टिपणारा भाग हळूहळू निकामी होतो. कडेची नजर शाबूत राहते. म्हणूनच ते घरात कुठे धडपडत नव्हते, चहा सांडत नव्हते, जिना उतरत होते. समोरून येणारा माणूस दिसे, त्याचा चेहरा तेवढा नसे. गेलेली नजर परत आणणारा उपचार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पुढे म्हणाले, “बघायची वस्तू मोठी करा, किंवा जवळ आणा. दोन्हींचा उपयोग सारखाच.” मराठीत डोळ्यातल्यालाही पडदा म्हणतात आणि भिंतीवरच्यालाही. मी आठवडाभर चुकीच्या पडद्याचे माप घेत होतो.

डॉक्टरांच्या त्या वाक्याने माझा हिशेब पुरता बदलला. अंतर निम्मे केले की प्रतिमा दुप्पट होते. त्याला पैसे पडत नाहीत. नऊ फुटांवर ४३ इंची संच वीस अंशांचा कोन भरतो. तोच साडेचार फुटांवरून पाहिला तर अडतीस अंशांचा. हा अडतीस अंशांचा कोन नऊ फुटांवरून मिळवायचा तर ८६ इंची संच आणावा लागेल, आणि त्यासाठी बेडरूमचे दार बुजवावे लागेल. आकार हा संचाचा गुण आहे असे आपण समजतो, दुकान तो तसाच विकते. वास्तविक तो बघणारा आणि बघायची वस्तू यांच्यामधल्या अंतराशी बांधलेला आहे. मी भिंत मोजली होती, खोली मोजली होती, खिसा मोजला होता. बघणाऱ्याला मोजायचे तेवढे राहिले होते.

दसऱ्याला ४३ इंची संच आला. खरी अडचण संच बसल्यावर सुरू झाली, कारण बाबा खुर्ची पुढे घ्यायला तयार होईनात. लहानपणी मी टीव्हीला नाक लावून बसे, तेव्हा “मागे हो, डोळे जातील” म्हणत हेच बाबा मला दंडाला धरून मागे ओढत. जवळून बघण्याने डोळे जात नाहीत, हे आता डॉक्टरांनीच सांगितले होते. जुन्या पडद्यावर जवळून रेघा दिसत, म्हणून लांब बसणे बरे असे. नव्या संचावरच्या बिंदूंच्या रांगा इतक्या बारीक, की तीन फुटांवरूनही त्या वेगळ्या कळत नाहीत. हे सारे मी त्यांना समजावले. त्यांची हरकत डोळ्यांची नव्हतीच. खोलीच्या मध्यभागी, सर्वांच्या पुढे, एकट्याने बसायचे म्हणजे आपले अधूपण आल्यागेल्यासमोर मांडून ठेवायचे, असे त्यांना वाटत होते. दोन दिवस मी खुर्ची पुढे सरकवी आणि रात्री ती पुन्हा मागे गेलेली असे.

तिसऱ्या दिवशी आईने माझ्याशी वा त्यांच्याशी काही न बोलता स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलली, साडेचार फुटांवर नेऊन ठेवली आणि निवडायची मेथी घेऊन तिथे बसली. “अहो, इथून आवाज कमी ठेवला तरी चालतो,” एवढेच म्हणाली. बाबा थोड्या वेळाने उठले आणि लाकडी खुर्ची ओढत तिच्या शेजारी आले. त्या रात्री बातम्या देणाऱ्या मुलीने कपाळावर टिकली लावलेली आहे, असे त्यांनी आईला सांगितले. आईने मान वर करून बघितले आणि आहे म्हणाली.

आता दिवाणखान्यात शिरणाऱ्याला त्या दोन खुर्च्यांना वळसा घालून जावे लागते. पाहुणे सोफ्यावर बसतात आणि त्यांना दोघांच्या पाठी दिसतात. मग बाबा खुर्ची तिरकी करून बोलायला वळतात. भिंतीवर संचाच्या बाहेर, चारी बाजूंना, ५५ इंचांच्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. पुढच्या दिवाळीला रंग काढू तेव्हा जातील, असे आई म्हणते.