मुशींच्या भिंतींचं गाव

उदयपूरहून अहमदाबादच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की अरवलीच्या टेकड्या जवळजवळ येऊ लागतात. सुमारे चाळीस किलोमीटरवर, टीडी नदीच्या काठाशी, जावर आहे. पिचोला तलाव आणि राजवाडे पाहून लोक उदयपूरहूनच परततात, इथे फारसं कोणी फिरकत नाही. मला मात्र राजवाड्यांपेक्षा जावरच्या पडक्या भिंती पाहण्याची ओढ जास्त होती.

कारण त्या भिंती विटांच्या नाहीत. मातीच्या वापरून झालेल्या मुशी एकावर एक आडव्या रचून त्या उभारल्या आहेत. एक मूस मी जवळून न्याहाळली. लांबी वीतभराहून थोडी जास्त, पोट फुगीर, एका टोकाला निमुळती होत गेलेली. बाहेरची माती आगीने वितळून काचेसारखी झालेली, हिरवट काळी, मध्येच जांभळी छटा. फुटलेल्या तोंडातून आत पाहिलं, तर जळालेल्या खनिजाचा करडा, सच्छिद्र गोळा तसाच चिकटून होता. भिंतींच्या पलीकडे, नदीच्या उतारावर, अशाच मुशींच्या खापरांचे डोंगर पसरले आहेत. एकदा भट्टी लागली की मूस निकामी होई. म्हणजे त्या ढिगातल्या प्रत्येक खापरामागे एक कुंभार, एक भट्टी आणि थोडंसं जस्त आहे.

जस्त हा विचित्र स्वभावाचा धातू आहे. लोखंड, तांबं, शिसं खनिजातून बाहेर पडतं ते भट्टीच्या तळाशी साचतं. जस्ताचं खनिज कोळशाबरोबर तापवलं तर सुमारे हजार अंशांवर जस्त सुटतं खरं, पण ते 907 अंशांनाच उकळतं. त्यामुळे ते जन्मतःच वाफ होतं आणि हवा लागताच जळून पांढरी भुकटी होऊन जातं. धातू हाती यायचा तर ती वाफ हवेपासून वाचवून थंड करायला हवी. युरोपात जस्ताचं असं उत्पादन 1738 साली ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनच्या पेटंटपासून सुरू झालं. जावरच्या भट्ट्या त्याच्या आधी निदान तीनशे वर्षं धगधगत होत्या.

1980 च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक, खाणींचे जाणकार लिन विलीज आणि हिंदुस्तान झिंकचे भूशास्त्रज्ञ एल. के. गुर्जर यांनी इथे एकत्र काम केलं. 1983 च्या उत्खननात भट्ट्या मिळाल्या, त्याही काही मुशी जागच्या जागी असलेल्या. रचना दुमजली. मध्ये भोकं पाडलेली मातीची जाळी. तिच्यावर सहा ओळींत सहा-सहा अशा छत्तीस मुशी उलट्या उभ्या करायच्या, त्यांच्या नळ्यांची तोंडं भोकांतून खालच्या थंड कप्प्यात सोडायची आणि वर आग लावायची. वाफ खाली उतरते, नळीत थंडावते आणि थेंबाथेंबाने भांड्यात पडते. मूस उलटी केल्यावर आतला माल सांडू नये म्हणून तोंडात एक काडी खोचत. आच वाढली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. तोवर आतला माल तापून एकमेकांना धरून बसलेला असे. ही काडीची युक्ती मला त्या सगळ्या रचनेत सर्वांत बुद्धिमान वाटते. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीचं आणि खाली उतरणाऱ्या वाफेचं वर्णन आहे. ते वर्णन पोथीपुरतं नव्हतं, याचा पुरावा जावरच्या मातीत निघाला.

गावामागच्या जावरमाला टेकडीत जुन्या खाणींची तोंडं आहेत. खडक डोलोमाइटचा, सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचा. त्यात जस्ताचं स्फॅलेराइट आणि शिशाचं गॅलेना एकत्र येतं. गॅलेनात थोडी चांदीही असते. आत शिरल्यावर भिंती गुळगुळीत, गोलाकार लागतात. लाकडं पेटवून खडक तापवायचा, तो तडकला की फोडून काढायचा, या पद्धतीची ती खूण. काही खाणींत लाकडी शिड्या आणि आधाराचे खांब टिकून राहिले होते. कार्बनमापनाने त्यांतलं काही लाकूड इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातलं ठरलं. म्हणजे मेवाडच्या राजघराण्याच्या कितीतरी आधी इथे माणसं डोंगर पोखरत होती.

इतिहासात मात्र श्रेय राणा लाखाला मिळालं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याने जावरच्या खाणी सुरू केल्या, असं राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने लिहून ठेवलं. टॉडने इथला धातू चांदी आणि कथील असा सांगितला. कथलाचं खनिज या डोंगरात नाही. खडक वाचता येणारा माणूस शेजारी असता, तर ही चूक शंभर वर्षं ग्रंथांतून फिरली नसती. लाखाच्या काळात उत्पादन वाढलं असेल, त्या पैशावर मेवाड सावरलं असेल. राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने बांधलेलं रामस्वामीचं मंदिर इथेच आहे, 1497 सालच्या शिलालेखासह. जैन मंदिरंही आहेत. या वैभवामागे धातूचा पैसा होता, याबद्दल मला शंका नाही. पण शिलालेखात भट्टीवाल्यांचं नाव शोधूनही सापडत नाही, आणि ते मला सलतं.

या भट्ट्या विझल्या कशा, हा प्रश्न मराठी माणसाला टाळता येणार नाही. 1736 मध्ये बाजीराव पेशवा उदयपूरला आला आणि महाराणा जगतसिंहाने वार्षिक खंडणी कबूल केली. 1769 मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. खंडणीची रक्कम लाखांवर लाख चढत गेली, परगणे गहाण पडले, रस्ते असुरक्षित झाले. खाणीला लाकूड, कोळसा, धान्य आणि शांतता लागते. यांपैकी काहीच उरलं नाही. 1812-13 च्या दुष्काळाने शेवटचा घाव घातला आणि काम थांबलं. खाणींना पुन्हा जाग आली ती विसाव्या शतकात. 1966 पासून त्या हिंदुस्तान झिंककडे आहेत आणि जुन्या बोगद्यांशेजारी आजही खनिज निघतं.

त्या उतारावरून उतरताना मनात एक काम पक्कं झालं. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात राजपुतान्याचे भरपूर कागद आहेत. महसुलाच्या हिशेबांत, वकिलांच्या पत्रांत, जावरच्या जस्ताचा उल्लेख आहे का, याचा शोध मोडी वाचणाऱ्या कुणी तरुण अभ्यासकाने जरूर घ्यावा. मात्र बस्ते सोडण्याआधी त्याने एकदा जावरला यावं आणि एक मूस हातात घेऊन पाहावी. कशासाठी काय शोधायचं, ते त्याला तिथेच कळेल.