आजोबानं ओलांडलेले रस्ते

२००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. विद्या अत्रेय आणि वन खात्याच्या लोकांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याचे रूळ, वसईची खाडी असं सगळं पार करत, जवळपास सव्वाशे किलोमीटर चालून तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. त्याचं नाव आजोबा. २०१४ सालच्या चित्रपटामुळे ही चाल घरोघरी माहीत झाली. पण २०११ साली हाच आजोबा मुंबईच्या वेशीवर वाहनाच्या धडकेनं मेला, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

गिरगाव-दादरकडे हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: जनावरं रस्त्यावर येतातच कशाला? ती येत नाहीत, रस्ता त्यांच्या वाटेत आला आहे. नागल्याचं जंगल उरलेल्या उद्यानापासून घोडबंदर रस्त्यानंच तोडलं. तरुण नराला स्वतःची हद्द शोधायला बाहेर पडावंच लागतं. दुसरी सूचना पाटी आणि गतिरोधकाची. रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावर पाटी वाचून वेग कमी करणारे किती?

लालबाग-परळच्या उड्डाणपुलावरून गाड्या जातात आणि खाली माणसांची ये-जा चालू राहते. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात हेच केलं आहे. कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सोळा किलोमीटरांत पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल उभे राहिले. सर्वांत मोठा मार्ग ७५० मीटर रुंद आहे. २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणाऱ्या १८ जातींच्या वन्यप्राण्यांची नोंद झाली. त्यांत वाघही होते.

दिवाळी अंकात आकडेमोड नको, असं संपादकांनी बजावलं होतं. पण एक हिशेब टाळता येत नाही, कारण सगळे वाद तिथेच होतात. भुयाराची रुंदी गुणिले उंची, भागिले आरपार लांबी, म्हणजे त्याचा मोकळेपणा. पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच आणि तीस मीटर लांब भुयाराचा मोकळेपणा ०.५. रस्ता रुंद करून तेच भुयार पंचेचाळीस मीटर लांब केलं की तो ०.३३ वर येतो. हरणासारख्या बुजऱ्या प्राण्याला पलीकडचा उजेड आणि झाडं दिसली नाहीत, तर तो आत पाऊल टाकत नाही. कागदावर भुयार तेच राहतं आणि खर्च वाचल्याचं समाधानही मिळतं. माझ्या मते ते भुयार तेव्हाच निकामी झालेलं असतं.

कुंपणाचंही तसंच. कॅनडातल्या बान्फमध्ये धडका ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्या, त्या प्राण्यांसाठीच्या पुलांना सलग कुंपणाची जोड मिळाल्यामुळे. आपल्याकडे आधी कुंपणालाच कात्री लागते, मग भुयारात दिवे आणि टपऱ्या येतात.

शहराच्या पोटातही हा प्रश्न आहे. शिवडीच्या चिखलावर रोहित उतरतात, म्हणून अटल सेतूच्या त्या टप्प्यात आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या. हे काम आराखड्यातच धरलं होतं, म्हणून झालं.

तेव्हा यापुढे जंगलालगतच्या रस्त्याच्या रुंदीकरणावर हरकती मागवल्या, तर एवढं लेखी विचारा: रस्ता वाढला, भुयाराची रुंदी आणि उंची किती वाढवली?