आधी आत येणाऱ्याला

लाटेवर पतंग घेऊन उतरायला, म्हणजे काइटसर्फिंग, मी गोव्यात मोरजीला शिकले. पण लाटेवर कुणाला वाट द्यायची हे त्याच्या कितीतरी आधी रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या एका तांडेलाने मला शिकवलं होतं. त्यांना आम्ही घरचे सगळे चाचा म्हणायचो. त्यांचं हे ऋण माझ्याकडून कधी बोलून दाखवलं गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते. उत्तरेला राजिवडा, त्याच्या पुढे भगवती किल्ल्याचं टोक आणि दीपगृह. दक्षिणेला भाट्याची लांबच लांब पुळण आणि सुरूचं बन. बाहेरून बघणाऱ्याला हे मुख शांत वाटतं. पण तिथे वाळू साचते, पाणी उथळ होतं, आणि ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना समोरून लाट आली की ती उभी राहते आणि जागेवरच फुटते. तिथे होड्या उलटल्या आहेत, माणसं गेली आहेत. मुखावरचा गाळ काढा, ही राजिवड्याची मागणी फार जुनी आहे.

वडिलांची आणि चाचांची दोस्ती होती, त्यामुळे सुट्टीत मला त्यांच्या होडीत बसायला मिळायचं. बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन ते स्वतःच्या हाताने माझ्या पाठीला बांधायचे, गाठ ओढून बघायचे, आणि मगच मशीन चालू करायचे. मुखापाशी आलं की मशीन हळू करून ते थांबत. पाणी बघत राहत. मोठ्या लाटा मागोमाग येतात, मग थोडा वेळ पाणी पडतं. त्या पडत्या पाण्यात निघायचं. पण तेवढ्यात बाहेरून एखादी होडी आत यायला लागली, की पाणी कितीही पडलेलं असो, चाचा हलत नसत. एकदा मी म्हटलं, चाचा, आपण आधी आलोय ना? ते म्हणाले, “बाय, त्याला थांबता येत नाही. आपल्याला येतं.”

पुढे कळत गेलं की त्या एवढ्याशा उत्तरात सगळं गणित होतं. बाहेर जाणाऱ्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेकडे असते, मशीनच्या जोरावर ती एका जागी धरून ठेवता येते. आत येणाऱ्याच्या पाठीमागे लाट असते. ती पिछाडी उचलते, नाळ खाली दाबते, होडी पाण्याच्याच वेगाने धावायला लागते आणि सुकाणूला धरायला पाणीच उरत नाही. त्या क्षणी समोर कुणी आलं आणि वळायचं म्हटलं, तर होडी लाटेला आडवी होते. मग तिला कुणी वाचवू शकत नाही.

समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी 1972 साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, ते मी मोठेपणी वाचले. त्यातल्या 18व्या नियमाशी मी बराच वेळ थांबले. यंत्रावर चालणाऱ्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यायची. शिडाच्या नौकेने मासेमारीच्या जाळ्यात गुंतलेलीला. आणि या सगळ्यांनी, जिचा ताबा सुटला आहे तिला. मोठी कोण, आधी कोण आली, हा प्रश्नच तिथे नाही. जिचे हात जास्त बांधलेले, तिची वाट आधी. चाचांनी ते नियम कधी पाहिले नव्हते.

पतंगाचेही बरेचसे नियम शिडाच्या नौकांवरूनच आले आहेत. समोरासमोर आलो तर उजवा हात पुढे असलेल्याने आपली वाट सोडायची नाही, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. एकमेकांजवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने पतंग उंच धरायचा, खालच्याने खाली. कारण वीस-बावीस मीटरच्या ताणलेल्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या तर दोघांचाही जीव धोक्यात येतो. जो लाटेवर स्वार आहे त्याला समोरून येणाऱ्याने वाट द्यायची. मात्र काठाशी उलट: पुळणीवरून निघणारा आधी, परतणारा नंतर. माझ्याबरोबर शिकणारे इथे गोंधळायचे. मला हे विरुद्ध वाटलंच नाही. गुडघाभर पाण्यात, डोक्यावर पतंग आणि मागे माणसं, अशा वेळी निघणाऱ्याला हलायला जागा नसते. परतणारा अजून खुल्या पाण्यात असतो, एक फेरी जास्त मारू शकतो. थांबता कुणाला येतं, एवढंच बघायचं.

चाचांची दुसरी सवयही माझ्या अंगात उतरली आहे. सुकाणू वळवण्याआधी ते मान फिरवून पूर्ण मागे बघायचे, प्रत्येक वेळी, समुद्र रिकामा असला तरी. आणि वाट आपली असतानाही समोरच्या तांडेलाने आपल्याला पाहिलं नाही असं वाटलं, तर टॉवेल हलवायचे, ओरडायचे, तरीही लक्ष गेलं नाही तर स्वतःच बाजूला व्हायचे. हक्क सांगत बसायला पाण्यावर वेळ नसतो. नियमांतही तेच आहे: दुसरा हटत नाही असं दिसलं, तर ज्याचा हक्क आहे त्यानेही टक्कर टाळायची.

चाचा आता नाहीत. कुणी पतंग घेऊन भाट्याला यायचं म्हणतं, तेव्हा वारा आणि लाट यांच्याबरोबर मी राजिवड्याच्या होड्यांचंही सांगते. पहाटेच्या मतलई वाऱ्यात उतरायचंच नाही, तो सरळ बाहेर नेतो. दुपारचा खारा वारा लागू द्यायचा. पण त्याच सुमाराला एखादी होडी मासळी भरून परतत असते, जड, मागून लाट घेत. तिच्यासमोर दोऱ्या आल्या तर तिने काय करायचं? म्हणून मुख पूर्ण सोडायचं, सुरूबनाच्या दक्षिणेला दूर जायचं, आणि पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, लागली असेल तर त्या दिवशी तो पट्टा रापणवाल्यांचा. शिवाय वाळू सरकते, खोल पाण्याची वाट बदलते. यंदा होड्या कुठून येतात हे किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही, विचारावं लागतं. चाचांचा मुलगा आता होडी नेतो. नवीन येणाऱ्याला मी आधी त्याच्याकडे घेऊन जाते.