लोपबुरी : हनुमानाच्या नगरीत एक निवांत दिवस

बँकॉकला जाणारा भारतीय पर्यटक बहुधा सुवर्णबुद्ध, पट्टायाचा समुद्रकिनारा आणि मनसोक्त खरेदी एवढ्यावरच समाधान मानतो. ज्याला इतिहासाची आवड आहे, तो फार तर अयुथ्थयाचे भग्नावशेष पाहून येतो. त्याच लोहमार्गाने आणखी तासभर उत्तरेला गेले, की लोपबुरी लागते. बँकॉकपासून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. साधी रेल्वेगाडी दुतर्फा भातखाचरे, कमळांनी भरलेली डबकी आणि मधूनच डोकावणारी देवळांची सोनेरी शिखरे दाखवत अडीच-तीन तासांत तेथे पोहोचवते. सकाळी लवकर निघाल्यास सारे गाव पायी हिंडून रात्री मुक्कामाला बँकॉकला परतता येते.

या गावाशी आपले नाते नावापासूनच सुरू होते. लोपबुरीचे जुने नाव लवो. प्राचीन नाण्यांवर ‘लवपुर’ असा उल्लेख आहे. अंगकोर वाटच्या भिंतीवर कोरलेल्या बाराव्या शतकातल्या सैन्याच्या मिरवणुकीत लवोची एक तुकडीही चाललेली दिसते. लोककथा मात्र गावाचा संबंध हनुमानाशी जोडते. लंकाविजयानंतर हनुमानाला कोणते राज्य द्यावे, हे ठरवण्यासाठी रामाने बाण सोडला. तो इथे पडला आणि त्याच्या दाहाने जमीन भाजून पांढरी झाली. आजही लोपबुरीची पांढरी, शाडूसारखी मऊ माती देशभर प्रसिद्ध आहे. एप्रिलमधल्या सोंगक्रान सणाला थाई लोक ती पाण्यात कालवून एकमेकांच्या गालांना लावतात.

स्थानकाबाहेर पडताच समोर वाट फ्रा सी रत्तना महाथात हे पुरातन मंदिर लागते. ‘महाथात’ म्हणजे आपला ‘महाधातू’, अर्थात बुद्धाच्या अस्थींचे स्थान. मधोमध मक्याच्या कणसासारखा निमुळता होत गेलेला ख्मेर धाटणीचा उंच प्रांग आहे. त्यावरच्या चुन्याच्या नक्षीचे काही तुकडे अजून शाबूत आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात इथे गर्दी नसते. दिवसाची सुरुवात इथूनच करावी.

तेथून रुळांच्या कडेकडेने दहा मिनिटे चालले, की गावाची ओळख बनलेले प्रांग साम योत, म्हणजे ‘तीन शिखरांचा प्रांग’, समोर येतो. जांभा दगड आणि वालुकाश्मात बांधलेली ही तीन शिखरे एका ओळीत, बोळांनी एकमेकांना जोडलेली आहेत. भारतीय माणसाला ती पाहताच ब्रह्मा, विष्णू, महेश आठवावेत, हे साहजिकच. अभ्यासक मात्र हे मूळचे महायान बौद्ध मंदिर मानतात. ख्मेर सम्राट सातव्या जयवर्मनच्या काळच्या या शिखरांखाली मध्ये बुद्ध आणि दोन बाजूंना अवलोकितेश्वर व प्रज्ञापारमिता होते, असे ते सांगतात.

रुळांच्या पलीकडे, वाहतुकीच्या वर्तुळात फ्रा कानचे देऊळ आहे. ‘कान’ म्हणजे आपला ‘काल’. जुन्या ख्मेर मंदिराच्या जोत्यापुढे हे नवे देऊळ उभे आहे. आतली मूर्ती विलक्षण आहे. धड चतुर्भुज विष्णूचे, पण मूळ मस्तक हरवल्यामुळे वर बसवलेले मस्तक बुद्धमूर्तीचे! भाविकांना त्यात काही वावगे वाटत नाही. उदबत्ती, फुलांच्या माळा आणि फळे वाहून ते नवस बोलतात. आणि ती फळे शेवटी जातात माकडांच्या पोटात.

ही माकडे म्हणजे लोपबुरीचे वैभवही आणि दुखणेही. लांब शेपटीची ही माकडे हनुमानाचे आणि काल देवाचे आप्त मानली जात. त्यांना हाकलणे पाप, खाऊ घालणे पुण्य. १९८९ साली इथल्या एका हॉटेल व्यावसायिकाने पर्यटकांना ओढण्यासाठी माकडांची मेजवानीच सुरू केली. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लाल कापडाच्या टेबलांवर फळांचे, मिठायांचे मनोरे रचले जाऊ लागले. जगभरचे छायाचित्रकार येऊ लागले. गावाला नाव मिळाले, धंदा मिळाला.

पण आयते अन्न मिळाले, की वंश वाढणारच. प्रजा वाढली तशी माकडे देवळातून बाजारात उतरली. दुकानदारांनी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. कोणी दारात वाघाची आणि मगरीची कापडी खेळणी टांगली, कोणी हाताशी गलोल ठेवली. माणसे पिंजऱ्यात आणि माकडे मोकळी, असा उलटा न्याय झाला. २०२० साली साथीमुळे पर्यटक येईनासे झाले. मार्च महिन्यात भर रस्त्यात एका घासासाठी शेकडो माकडांच्या टोळ्या भिडल्या, ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. पिशव्या हिसकावणे, चावे घेणे नित्याचे झाले. जुन्या बाजारातली अनेक दुकाने बंद पडली.

अखेर २०२४ साली सरकारने मोठी मोहीम हाती घेतली. त्या वेळी गावातल्या माकडांची संख्या अडीच हजारांपर्यंत असावी, असा अंदाज होता. सापळ्यात पिकलेली फळे ठेवून माकडे पकडायची, नसबंदी करायची आणि गावाबाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवायची, असा हा उपाय. तो सोपा नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे दोनशे माकडे पिंजऱ्यातून निसटली आणि त्यांतल्या काहींनी थेट पोलीस ठाण्यावर चाल केली. पोलिसांनाच दारे-खिडक्या लावून आत बसावे लागले! आता रस्त्यावर पूर्वीसारख्या टोळ्या नाहीत, पण प्रश्न मिटलेला नाही. ज्या जिवांमुळे गावाचे नाव झाले, त्यांना डांबून ठेवणे मनाला पटत नाही, आणि मोकळे सोडले तर संसार चालवता येत नाही. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांत राहणाऱ्यांना ही कोंडी वेगळी समजावून सांगायला नको.

दुपारी ऊन चढले, की बाजारात टेकावे. इथे अंड्याच्या पिवळ्या बलकापासून केलेल्या सोनेरी मिठाया मिळतात. फोय थोंग म्हणजे पाकातल्या सोनेरी शेवया, आणि थोंग योत म्हणजे सोन्याचे थेंब. या पोर्तुगीज वळणाच्या मिठाया थायलंडमध्ये रुजवण्याचे श्रेय परंपरेने मारिया गुयोमार या स्त्रीला दिले जाते. तिचे वडील गोव्याहून आलेले होते, असे सांगतात. तिची कहाणी उलगडते ती पुढच्या मुक्कामी, राजवाड्याच्या परिसरात.

राजा नाराय, म्हणजे नारायण, याने १६५६ ते १६८८ राज्य केले. राजधानी अयुथ्थया असली, तरी त्याचा जीव लोपबुरीत रमे. वर्षातले बरेच महिने तो इथेच राही. त्याच्या राजवाड्याचे नाव ‘नाराय राचानिवेत’, म्हणजे राजनिवेश. उंच कोटाच्या भिंतींत पणत्यांसाठी शेकडो कमानदार कोनाडे आहेत. ते सारे उजळल्यावर काय शोभा येत असेल, याची कल्पनाच करावी! दूरच्या तळ्यातून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी आणलेले होते. त्याची विटांची टाकी आजही आहे. ज्या महाप्रासादात १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या वकिलाचे स्वागत झाले, त्याच्या आता नुसत्या भिंती उभ्या आहेत. त्याच वर्षी ११ डिसेंबरला राजाने जेझुइट पाद्र्यांसह दुर्बिणीतून चंद्रग्रहण पाहिले. आणखी दोन वर्षांनी आलेला फ्रेंच वकील ला लुबेर सयामी ज्योतिषांची गणिते पॅरिसला घेऊन गेला. तिथे कॅसिनीसारख्या खगोलशास्त्रज्ञाने ती उलगडली. ती होती भारतीय पंचांगगणिताच्याच घराण्यातली.

जवळच फॉल्कनच्या वाड्याचे अवशेष आहेत. हा ग्रीक खलाशी स्वतःच्या हुशारीने राजाचा सर्वांत विश्वासू सल्लागार बनला. मारिया त्याची पत्नी. १६८८ साली राजा आजारी पडताच बंड झाले. जूनमध्ये फॉल्कनचा शिरच्छेद झाला, जुलैत राजाने याच वाड्यात प्राण सोडला, फ्रेंचांना देश सोडावा लागला. मारियाच्या वाट्याला दास्य आले. पुढे तिने राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मानाचे स्थान मिळवले. २०१८ साली दूरदर्शनवरील एका लोकप्रिय मालिकेने ही कथा पुन्हा घरोघरी पोहोचवली आणि जुने पोशाख घालून छायाचित्रे काढायला थाई तरुण-तरुणी इथे लोटल्या.

नारायच्या मृत्यूनंतर ओस पडलेल्या या वाड्याची एकोणिसाव्या शतकात राजा मोंगकुटने डागडुजी केली. त्याने बांधलेल्या दालनांत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. हिरवळीवर मोठमोठ्या झाडांखाली बसून दमलेले पाय मोकळे करावेत.

संध्याकाळी स्थानकाकडे परतताना तीन शिखरे मावळतीच्या उजेडात तांबूस दिसू लागतात. एखादे माकड कठड्यावर बसून पोराच्या डोक्यातल्या उवा टिपत असते. मुले साहजिकच केळ्यासाठी हट्ट धरतात. त्यांना समजवावे, की लाडाच्या याच घासांनी इथली माणसेही अडचणीत आली आणि माकडेही. दुरून हात जोडावेत आणि केळे पिशवीतच ठेवावे.

प्रवासाआधी हे लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत जिल्ह्यातली सूर्यफुलांची शेतेही बहरतात.
• काही गाड्या आता गावाबाहेरच्या नव्या मार्गाने जातात. तिकीट काढताना जुन्या लोपबुरी स्थानकावर थांबणारी गाडी मागावी.
• संग्रहालय सोमवारी व मंगळवारी बंद असते.
• देवळांत खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत.
• भाजीच्या पदार्थातही माशांपासून केलेला ‘नाम प्ला’ घालतात. शाकाहारींनी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेल्या दुकानात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो.
• माकडांजवळ चष्मा, पिशवी, खाऊ सांभाळावा. माकड चावले वा ओरबाडले, तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे.